हललो नाही ना?

कुठूनही उठायचं असलं की ते आधी बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करत. खाट, भिंत, ओसरीचा खांब, जे हाताशी असेल त्यावर. मग "चला, जाऊ द्या" म्हणत आणि उठत. एसटीत कंडक्टर होते ते. दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हे इतकं अंगात मुरलं होतं की निवृत्त झाल्यावरही स्वतःला घंटी दिल्याशिवाय त्यांना हलता येत नसे.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना कंडक्टर काकाच म्हणत. मूळचे अर्जुनी मोरगावकडचे. घरची धानाची शेती भावाकडे, आणि यांची बहुतेक नोकरी चिचगडच्या जंगलातल्या रस्त्यावर गेलेली. निवृत्तीनंतर आमच्या शेजारी दोन खोल्यांचं घर बांधलं. मूलबाळ नव्हतं. ते आणि काकू. चहासुद्धा ते खांबाला खांदा टेकवून उभ्यानेच पीत. काकू म्हणायच्या, "बसा ना, सीट खाली हाय." तुमच्याही गल्लीत असा एखादा निवृत्त माणूस असेल. जरा नीट पाहा, त्याची नोकरी अजून चालूच असते.

बारावीनंतर मला नागपूरला रेडिओग्राफीच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय काढायचं शिक्षण. घरात आनंद झाला, पण पोरगी नेमकं काय होणार हे बाबांना चार लोकांत नीट सांगता येईना. डॉक्टर नाही, नर्स नाही, मग काय? कंडक्टर काकांनी तो प्रश्न परस्पर सोडवला. "फोटो काढनारी होनार हाय," असं ते गल्लीभर सांगून आले. "पर आतला."

कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ होता. मी हाडांची नावं पाठ करत होते आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहत होते. छातीच्या फोटोला पेशंटला कसं उभं करायचं, खांदे कुठे, हनुवटी कुठे. एकटीला ते जमत नव्हतं. अंगणात मी हवेतच कुणाचे तरी खांदे पुढे ढकलत होते तेव्हा काका त्यांच्या ओसरीवरून पाहत होते. म्हणाले, "हवेले काऊन शिकवून राहिली? मी हाव ना रिकामा."

असे ते माझे पहिले पेशंट झाले.

भिंतीला छाती लावून, हात कमरेवर ठेवून ते उभे राहिले. मी म्हटलं, "श्वास घ्या. धरून ठेवा." काही हालचाल नाही. पुन्हा म्हटलं. मान न वळवता ते म्हणाले, "मागच्या सीटवर आवाज नाही आला."

माझा आवाज मुळातच बारीक. शाळेत हजेरीच्या वेळी मी आहे की नाही हे मॅडमना दोनदा विचारावं लागे. काकांनी तेच धरलं. त्यांचं म्हणणं असं की हाडं पुस्तकात आहेत, ती कुठे पळून जात नाहीत. पण अनोळखी माणसाला शर्ट काढ म्हणायचं तर आवाज पाहिजे. ओरडायचं मात्र नाही. आधी त्याचं नाव घ्यायचं, तो आपल्याकडे पाहील, मग सांगायचं. हे दाखवायला ते पायरीवर उभे राहून "चला, पुढे सरकत राहा" म्हणाले, तर रस्त्याने जाणारा भाजीवाला खरंच गाडी घेऊन पुढे सरकला.

मग रोज संध्याकाळी आमची तालीम. एक दिवस ते दारू पिऊन आलेला पेशंट व्हायचे, एक दिवस ठार बहिरा. सगळ्यात अवघड होती बाजारातून आलेली म्हातारी. काकूंची जुनी ओढणी डोक्यावर घेऊन, गळ्याला दोन्ही हात धरून ते बसले आणि काही केल्या डोरलं काढायला तयार होईनात. छातीच्या फोटोला गळ्यात धातू चालत नाही, हे मला माहीत होतं. मी समजावून थकले. म्हातारी एकच म्हणे, "मालक मरंल माहा." शेवटी आतून काकूच बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं, आधी हळदीचा दोरा बांध तिच्या गळ्यात, मग काढ म्हण, लगेच काढंल. म्हातारीने ओढणीतून मान बाहेर काढली आणि म्हणाली, "ही पास झाली. तू नापास."

सुरुवातीला काका श्वास इतका वेळ धरत की मलाच भीती वाटे. मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचाच नाही, हा त्यांचा नियम. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली त्या सुमाराला ते जमेनासं झालं. श्वास भरला की खोकला यायचा. ते हसत म्हणायचे, "इंजिन जुनं झालं." पण त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती आणि चहा ते आता बसून पिऊ लागले होते. बाबांनी सांगितलं, मी सांगितलं, दवाखान्यात दाखवून या. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तू शिकून ये. माहा फोटो तूच काढजो."

मी म्हटलं, काका, तीन-चार वर्षं लागतील.

"मंग? चिचगडच्या जंगलात गाडी बंद पडली तं सकाळपर्यंत थांबलोच ना मी."

सगळे हसले. मीही हसले.

कॉलेज सुरू होण्याआधी, शाळेतल्या एका सरांच्या ओळखीने, मला गोंदियातल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये काही दिवस बसून पाहायची परवानगी मिळाली. मशीनला हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. तिथल्या टेक्निशियन ताई हिंदीतच बोलत. भराभर काम करायच्या, पण म्हाताऱ्या माणसाला टेबलावरून उठवताना त्यांचा हात त्याच्या पाठीखाली आधीच गेलेला असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं की फोटोत काय दिसतं ते पेशंटला आपण सांगायचं नाही. ते डॉक्टर सांगतात.

एका सकाळी मी सेंटरवर पोचले तर बाकावर कंडक्टर काका. धुतलेला पांढरा शर्ट, खिशात डॉक्टरची चिठ्ठी. काकूंनीच शेवटी धाडलं होतं. पोरगी आता तिथंच बसून राहिली, मग बहाणा कोणता, असं त्या म्हणाल्या होत्या. मला पाहून काका बाजूच्या माणसाला म्हणाले, "ही आमची."

ताईंनी त्यांना प्लेटसमोर नीट उभं केलं, आणि काचेमागे येऊन मला म्हणाल्या, "तू बोल. बटन मैं दबाऊँगी."

मी बोलले. "काका, श्वास घ्या. धरून ठेवा." मागच्या सीटवर जाईल असा आवाज निघाला. पहिल्यांदा त्यांना खोकला आला. ताई थांबल्या. दुसऱ्यांदा त्यांनी धरला. काचेतून त्यांची उघडी पाठ दिसत होती, फाकलेले खांदे, मधे कण्याची रेघ. मग समोरच्या पडद्यावर फोटो आला आणि मी तिकडे पाहत राहिले.

मला फोटो वाचता येत नव्हता. आजही येतो असं म्हणणार नाही. पण त्या काही दिवसांत मी इतक्या छात्या पाहिल्या होत्या की दोन्ही बाजू काळ्या असायला पाहिजेत, एवढं डोळ्यांना कळत होतं. काकांच्या फोटोत एक बाजू अर्ध्याच्या वरपर्यंत पांढरी होती.

ताईंचा माउसवरचा हात क्षणभर थांबला. मग त्या घाईने माइककडे वाकून म्हणाल्या, "छोड़िए चाचा, साँस छोड़िए." मी 'सोडा' म्हणायचं विसरले होते, आणि काका तिकडे धरूनच उभे होते.

ताईंनी माझं मनगट धरलं. "अपन कुछ नहीं बोलने का, बेटा," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर काका शर्टाची बटणं लावत होते.

"कसा आला फोटो?"

"चांगला आला, काका."

"चांगला म्हणजे?"

"हलला नाही," मी म्हटलं.

"हललो नाही ना? बस मग," ते म्हणाले, आणि शेवटचं बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

आम्ही ई-रिक्षाने फुलचूरला आलो. फोटोचा लिफाफा माझ्या मांडीवर होता. त्यांनी तो मागितला नाही. वाटभर चिचगडच्या रस्त्याबद्दल बोलत होते, कुठल्या वळणावर कोण हात दाखवायचं, मोहफुलांच्या दिवसात गाडीत कसा वास भरून राहायचा. काकू फाटकातच उभ्या होत्या. "काय निंगालं वं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, रिपोर्ट संध्याकाळी येईल, डॉक्टर सांगतील. काका म्हणाले, "फोटो चांगला आला म्हनते."

घरी येऊन मी पुस्तक उघडलं आणि फुफ्फुसांचं पान काढलं. त्यातली सगळी चित्रं निरोगी माणसाची होती.

पुढचं फार वेगळं नाही, तुम्हीही कुणाच्या तरी घरी पाहिलं असेल. डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. बाबा सोबत गेले. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं, काही दिवस बरं वाटलं, पुन्हा भरलं. पाण्याच्या मागे जे होतं त्याला आता हात लावता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. अर्जुनीहून काकांचे भाऊ आले. त्यांनी लिफाफ्यातली नागपूरची नवी फिल्म काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू तं याच लाइनची ना? पाय बरं, किती कमी झालं." सगळे माझ्याकडे पाहत होते. मी फिल्म उजेडात धरली, खूप वेळ धरली, आणि परत लिफाफ्यात घातली.

मी नागपूरला निघाले त्या दिवशी काका हट्टाने बसस्टँडवर आले. बाबा पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा बाकावर आम्ही दोघंच होतो.

"तुले दिसलं होतं ना त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मले मालूम होतं. तू बाहेर आली तं तुह्या तोंडावरच होतं सारं." ते थांबले, श्वास जमवला. "आवाज आला तुले आता. तोंड सांभाळाले शिक. पेशंट मशीन नाही पायत, तुह्या तोंडाकडे पायते."

रागावून नाही सांगितलं. पुढे सरका म्हणावं तसं सांगितलं. म्हणाले, एकदा उतारावर ब्रेक लागत नव्हता, डायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते तिकीट-तिकीट करत मागच्या सीटपर्यंत गेले. गाडी थांबल्यावर बाया विचारत होत्या, काऊन थांबली? "मंग खाली उतरून रडलो," ते म्हणाले, "झाडामागं."

गाडी लागली. मला खिडकीची जागा मिळावी म्हणून त्यांनी तिथल्या तरुण कंडक्टरला आपली जुनी ओळख सांगितली. तो भला होता, त्याने त्यांना वाकून नमस्कार केला. गाडी निघाली तेव्हा काका हात वर करून उभे होते. बाबांनी त्यांना दंडाला धरलं होतं.

कॉलेज सुरू झालं. धानाच्या कापणीच्या दिवसांत एका दुपारी बाबांचा फोन आला. मी मिळेल त्या गाडीने निघाले, पण पोचले तोवर लोक घाटावरून परतले होते.

दिवाळीला घरी आले तेव्हा काकूंकडे गेले. त्यांनी जेवायला बसवलं. नागपूरला खायला मिळतं का, खोलीवर किती पोरी आहेत, असं विचारत राहिल्या. मग भात वाढता वाढता म्हणाल्या, "रोवणीच्या टायमाले मी त्याइले दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं होतं. तिथून परत फिरले. म्हने, पोरगी काढंल." पळी भांड्यात ठेवली. "तवाच काढला असता तं?"

एवढ्या महिन्यांत मी काही शिकले होते. पण या प्रश्नाचं उत्तर द्यावं एवढं नाही. आणि शिकले असते तरी ते काकूंना कसं सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं.

त्यांनी आणखी भात वाढला. मी नको म्हटलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे पाहत बसल्या होत्या, आणि मी मान खाली घालून लाखोरीच्या वरणात भात कालवत राहिले.