सदर इसमास गावात कोणी ओळखत नाही

कुणाच्याही घरी गेला की तो आधी आडात डोकावायचा. घरचे लोक "या, बसा" म्हणत उभे, आणि हा उंच गोरा माणूस काठावर दोन्ही हात टेकून खाली बघतोय. मग आत कुणाशी तरी बोलून आल्यासारखा मान वर करायचा आणि म्हणायचा, "हाय. खाली हाय." नमस्कार त्यानंतर. अशी उलटी रीत असलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील. सुरुवातीला ती विचित्र वाटतात आणि मग केव्हातरी आपणही आडात डोकावायला लागतो.

बहात्तरच्या दुष्काळात तो बोअर पाडायच्या मशीनबरोबर आमच्या कोरेगाव तालुक्यात आला. मदतीला आलेल्या कुठल्याशा परदेशी संस्थेचा तो कामगार. त्याचा देश युरोपात पार वर, बर्फाच्या अंगाला. त्यानं नाव सांगितलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून तो गावाचा मशीनवाला झाला. मी गावातल्या शाळेत मास्तर होतो. आमच्या पडवीलगतची खोली आम्ही त्याला राहायला दिली होती. मराठी तो मशीनवरच्या आमच्याच गड्यांकडून शिकला. त्यामुळं साताऱ्याच्या कचेरीत साहेबालासुद्धा "आवं, लय येळ झाला की" म्हणायचा आणि साहेब शुद्ध मराठीत गडबडून जायचे.

आमच्या गावात पाणी लागलं तो दिवस मला आजही अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. सकाळपासून मशीन खडक फोडत होतं आणि राखाडी भुकटीचा लोट आभाळात चालला होता. माणसं, बैल, बाभळी, सगळं एका रंगाचं झालं. त्या पिठात गोरा कुठला आणि आपला कुठला कळेना. मग आवाज बदलला, भुकटीचा चिखल झाला आणि एकदम पाणी उसळलं. म्हातारी माणसं ओंजळी धरून रडायला लागली. हा डोळे मिटून त्या पाण्याखाली उभा राहिला, भुकटी धुऊन जाईपर्यंत. माझ्या आईनं त्याला हाताला धरून घरी आणलं आणि लहान पोरासारखं डोकं पुसून दिलं. तेव्हापासून तोही तिला आई म्हणायला लागला.

दुष्काळ सरला, तरी मशीन पुढं सांगलीकडं, जत-आटपाडीच्या माळांवर फिरत राहिलं. तो तिकडं जायचा आणि सवड झाली की आमच्या खोलीवर परत यायचा. अशी काही वर्षं गेली आणि संस्थेनं इथलं काम गुंडाळायचं ठरवलं. काम संपलं की त्याची राहण्याची परवानगीही संपणार होती. पण त्याला जायचं नव्हतं. रहिमतपूरच्या एका वर्कशॉपनं पंप दुरुस्तीचं काम द्यायचं कबूल केलं होतं. त्या आधारावर त्यानं इथं कायम राहू द्यावं म्हणून अर्ज केला.

एका संध्याकाळी पडवीत बसलो असताना मी त्याला विचारलं की बाबा रे, लोक इथून तिकडं जायला धडपडतात, तुला इथं काय ठेवलंय. समोर वारं सुटलं होतं आणि ज्वारीची ताटं सळसळत होती.

"तिकडं पानी सगळीकडं हाय, मास्तर," तो म्हणाला. "पानी आलं म्हनून कोन रडत न्हाई. कुनी वाट बी बगत न्हाई."



काही महिन्यांनी साताऱ्याहून बोलावणं आलं. मी सोबत गेलो. कारकुनानं आलेला निकाल वाचून दाखवला. पोलीस चौकशी झाली होती आणि तिचा निष्कर्ष असा होता की सदर इसमास गावात कोणी ओळखत नाही, सबब अर्ज नामंजूर. त्याला 'इसम' आणि 'सबब' कळलं नाही, बाकीचं कळलं. परतीच्या एस.टी.त तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. कोरेगाव जवळ आल्यावर त्यानं मला एवढंच विचारलं, "आईनं बी वळखलं न्हाई? माजं काय चुकलं का?"

घरी आलो तेव्हा आई सुपानं ज्वारी पाखडत होती. मी विचारलं, पोलीस आला होता का? ती म्हणाली, आला होता, मी सांगलीला ट्रेनिंगला होतो तेव्हा. आणि मोठ्या अभिमानानं सांगायला लागली की हवालदारानं घरोघर विचारलं, चावडीवर विचारलं, पण एकानं तोंड उघडलं नाही. हिच्या पाठीमागं दोरीवर मशीनवाल्याची लांबलचक पँट वाळत होती आणि ही हवालदाराला सांगत होती, कोण परदेशी, आम्ही नाही बा कुणाला बघितलं.

आता तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला हे समजावून सांगायला नको. बेचाळीस साली आमच्या गावांनी भूमिगत माणसं कणगीत, कडब्यात लपवली होती. आईनं स्वतः एकाला जेवू घालून दारातल्या पोलिसाला वाटेला लावलं होतं. इंग्रज गेला, पण सवय राहिली. पोलीस ज्याची चौकशी करतो त्याला आपण ओळखत नसतो, हा आमच्याकडचा संस्कार.

मी कपाळावर हात मारला आणि तिला सगळं समजावलं. तिचं सूप थांबलं.

"पोलिसाला आपला मानूस दावायचा नसतो रं," ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, आता हा चिडेल. पण तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि त्याचा चेहरा उजळत गेला. "म्हंजी मला लपवलं व्हय? मला?" त्याचे डोळे भरले होते. इतकं आनंदी मी त्याला त्या पाण्याखालीसुद्धा पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात आख्खं गाव ट्रकनं साताऱ्याला गेलं. ज्यांनी ओळखत नाही म्हटलं होतं ते सगळे एकदम बोलायला लागले. साहेब भला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कागद वर गेलाय, फेरचौकशीला वेळ लागेल, तोवर मुदत संपतेय, तेव्हा आता जावं आणि तिकडून पुन्हा अर्ज करावा. मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला रेल्वेत बसवलं. आईनं भाकरी बांधून दिल्या. गाडी हलली तेव्हा तो हसत होता, आम्हाला मात्र ते जमलं नाही.

तिकडून त्यानं अर्ज केला की नाही, केला तर त्याचं काय झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

बऱ्याच दिवसांनी, सुटीच्या दिवशी दुपारी, तोच हवालदार सायकल ढकलत आमच्या दारात आला. माणूस मुदतीत देश सोडून गेला का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढं झाली.

"हाय की," ती म्हणाली. "कुटं जातोय? जतच्या अंगाला गेलाय, मशीन घिऊन. बसा, यील."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्यासाठी कट्टा झटकून दिला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कट्ट्यावर बसला. आईनं चहा आणून दिला, तो त्यानं सावकाश प्यायला. उन्हात रस्ता थरथरत होता. थोड्या वेळानं धुरळा उडवत एस.टी. आली आणि थांबली. तिच्यातून पाट्या घेतलेल्या दोन बायका उतरल्या. एस.टी. निघून गेली आणि धुरळा खाली बसला. मी वळून पाहिलं, तर आई उठून रस्त्याकडं बघत उभी राहिली होती.