तीन इसा नं सात

आमच्या पाड्यावर विसापुढे गेलं की पुन्हा एकापासून मोजायचं. वीस म्हणजे एक इसा. सदुसष्ट म्हणजे तीन इसा नं सात. आईनं नागलीच्या पेंढ्या मोजताना आम्हा दोघी बहिणींना हेच शिकवलं होतं.

मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत गुरुजींनी थोरलीला फळ्यावरचा आकडा वाचायला लावला.

"तीन इसा नं सात."

गुरुजींनी फाडकन कानाखाली ओढली. "सदुसष्ट म्हण!"

बहीण हट्टी. तिनं पुन्हा तेच म्हटलं. मग त्यांनी तिचे केस धरून डोकं फळ्यावर आपटलं, आणि आपटतच राहिले. मी धावत जाऊन त्यांच्या दंडाला कडकडून चावले. लाथ बसली आणि मी बाकाखाली गेले. तिथून मला बहिणीच्या कानातून मानेवर उतरणारं रक्त दिसलं.

बापाला बोलावणं गेलं. त्यानं गुरुजींची माफी मागितली आणि शाळेच्या अंगणातच तिला काठीनं फोडून काढलं. तिची शाळा सुटली, वीटभट्टी लागली. डाव्या कानानं तिला परत कधी ऐकू आलं नाही. मी मात्र सदुसष्ट म्हणत शिकले.

पुढे जव्हारला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत असताना बाहेरून एक प्राध्यापक क्वांटम संगणकावर बोलायला आले. संख्या तीच राहते, म्हणाले, फक्त लिहायचा पाया बदलतो. आपला दहाचा, संगणकाचा दोनाचा. क्वांटम संगणकात तर शून्य आणि एक एकत्र नांदतात, मोजलं की एकच उरतं. आणि तिथंही पाया दोनाचाच हवा असं नाही, तिनाचाही चालतो.

मी उठून विचारलं, "विसाचा?"

"का नाही? गणिताला काय फरक पडतो!" ते हसले.

बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, तरी ते हसरं तोंड फोडावंसं वाटलं. आमच्या वर्गातही दोन उत्तरं एकत्र नांदत होती. गुरुजींनी एक ठेवलं आणि दुसरं मारून टाकलं.

घरी गेले तेव्हा बहीण अंगणात कोयत्यानं लाकडं फोडत होती.

"बाय, तुझं बरोबर होतं!"

तिनं उजवा कान पुढे केला. "काय?"

मी ओरडून सगळं सांगितलं. विसाचा पाया, प्राध्यापक, सगळं.

"मना काय सांगतेस?" तिनं कोयता उचलला. "त्या गुरुजीला जाऊन सांग."