वडावरचा कागद

चष्मा लावला की नथ उठून दिसत नाही, असं मला पन्नाशीतसुद्धा वाटायचं. त्या वटपौर्णिमेला म्हणूनच चष्मा घरी ठेवून गेले आणि रोह्यातला आमच्या रस्त्यावरचा वड घालवून बसले.

पेणहून लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच वडाला सूत गुंडाळत होते. त्या सकाळी खोडावर एक कागद डकवलेला दिसला. असेल कुठल्यातरी क्लासची नाहीतर ढेकणाच्या औषधाची जाहिरात! शहाणपण तर काय, उतू जात होतं. "पूजेच्या झाडावर कसली घाण चिकटवतात गो," म्हणत मी मुद्दाम त्याच्यावरूनच सूत घेतलं. मागच्या बायकांनाही बजावलं, "घट्ट गुंडाळा, दिसता कामा नये." गुंडाळलं त्यांनी. पूजेचं सूत मग कोण सोडतंय? पावसात ते भिजून खोडाला चिकटून बसलं.

गणपती झाले आणि धाटावकडे जाणारा आमचा रस्ता रुंद करायला करवतवाले आले. मी कंबर कसून विचारलं, "आम्हाला विचारलंत का?"

त्यांच्याबरोबरचा नगरपालिकेचा साहेब म्हणाला, "हरकती मागवल्या होत्या, काकू. नोटीस झाडावरच लावली होती. एकही आली नाही."

सालीबरोबर सुताचा गुंता खाली आला. त्यात कागदाचा लगदा होता. मी गुपचूप घरी आले.

आता तिथे सावली आहे ती विजेच्या खांबाची. त्या वडाखाली वाडीवरची एक कातकरीण जांभळं-करवंदं विकायची, माझ्याच वयाची. आता फाटक्या छत्रीखाली बसते. ऊन फिरलं की टोपली उचलून तीही फिरते. मध्यंतरी कुंडीतलं वडाचं रोप घेऊन मी तिच्या शेजारी लावायला गेले, तर पेव्हर ब्लॉकमध्ये बोट शिरायला फट नव्हती. रोप कुंडीतच वाळलं.

वटपौर्णिमेला ती वडाच्या फांद्या विकते. कुठल्या झाडाच्या, ते मी विचारत नाही. यंदा फांदी घेताना मात्र तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, चार शिव्या घालेल, मला जरा हलकं वाटेल. ती हसायला लागली ती थांबेचना. मग म्हणाली,

"वाचला असतास तरी काय व्हनार व्हतं गो? पल्याड अष्टमी गावच्या चिंचेवरचा कागद तर समद्यांनी वाचला, तोडू नका म्हनून सह्या पन केल्या. हाय का चिंच? सर जरा, गिऱ्हाईक उन्हात उभं हाय."