हारुएसान आणि बेटावरची बहीण

“आंटी, मॉम इज गॉन...” एमीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघत होते. एमी म्हणजे आमच्या शेजारच्या हारुएसानची मुलगी. थोडा वेळ नुसती रडली, मग म्हणाली, तोमोमावशीला तुम्हीच कळवा, माझं जपानी अगदीच मोडकंतोडकं आहे. मी हो म्हटलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आलो तेव्हा पहिल्याच भेटीत हारुएसानसमोर मी पुण्यात शिकलेलं जपानी फाडफाड बोलून शायनिंग मारली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “छान! टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलतेस.” तिथपासून आमचं जमलं. दर शनिवारी संध्याकाळी, तिकडची रविवार सकाळ गाठून, त्या धाकट्या बहिणीला, तोमोला फोन करायच्या. तोमो जपानच्या दक्षिण टोकाला, तैवानसमोरच्या एका चिमुकल्या बेटावर, दोघींच्या माहेरच्या घरात राहायची. आज समुद्र कसा आहे, मागच्या दारी काय लावलंय, असल्या गप्पा. फोन ठेवला की हारुएसान बातम्या उघडायच्या. चिनी जहाजं कुठवर आली, बेटावर हल्ल्यापासून आडोशाच्या जागा बांधतायत, लोकांना कसं हलवायचं... “तोक्योची माणसं नकाशावर बोट ठेवून युद्धाची आघाडी म्हणतात. आमची तिथे भाजी आहे गं! वादळ आलं तर खिडक्यांना फळ्या ठोकतो. याला कुठल्या फळ्या ठोकायच्या?” बेट सोड म्हणून त्या बहिणीच्या किती विनवण्या करायच्या. ती हसून विषय बदलायची.

मग कॅन्सर निघाला. मी वेंधळी, भेटायला जाताना पांढरी शेवंती घेऊन गेले. आपल्याकडे देवाला वाहतात ती. त्यांनी फुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आमच्याकडे ही गेलेल्या माणसाला वाहतात. इतकी घाई?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

तोमोला मात्र आजाराचं काही कळू द्यायचं नाही, अशी ताकीद होती. तिच्या जिवाला घोर नको. “अहो, हे काय भलतंच!” मी चिडले. “तू तुझ्या आईला सगळं सांगतेस?” मागच्या वर्षी माझी नोकरी गेली होती आणि व्हिसाचे दिवस मोजत बसले होते, ते आईला अजून ठाऊक नाही.

शेवटच्या भेटीत ग्लानीतही त्यांनी माझा हात घट्ट धरून विचारलं, “जहाजं गेली का? तोमो निघाली का?”

तर, मी तोमोला फोन लावला. सांगितलं. ती म्हणाली, “आवाज बारीक झाला होता तिचा. वाटलंच होतं मला.” आणि मग हळूच, “मी बेटावर नाहीये. वसंत ऋतूपासून बेटापासून लांब, कुमामोतो शहरात मुलाकडे आहे. घर बंद केलं. तिला कसं सांगू? माहेरच उरलं नसतं तिला. म्हणून दर रविवारी समुद्र आठवून आठवून सांगायचे.”

मी कपाळाला हात लावला. इतका राग आला दोघींचा! तोमो एक शब्द बोलली असती तर हारुएसान सुखानं गेल्या असत्या. ओठांवर आलंच होतं माझ्या.

“ऐका ना,” तोमो म्हणाली, “शेवटी तिला माझी काळजी लागून राहिली होती का हो?”

“छे हो,” मी म्हटलं. “अगदी निर्धास्त होत्या.”