यंत्राने विचारलेले प्रश्न

मला कोणालाही नकार देता येत नाही. पन्नाशी ओलांडली की माणूस स्वतःच्या दुबळेपणाला चांगली नावे शोधू लागतो. मी त्याला पुष्कळ वर्षे सौजन्य म्हणत आलो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली जी आठवण इथे मांडतो आहे, तिच्यात मी एकदा स्पष्टपणे नाही म्हणालो होतो. त्याचा अभिमान वाटावा की संकोच, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हा मी राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवराच्या पुढे, एका लहान शिक्षणसंस्थेत संगणक शिकवत होतो. पदविकेच्या वर्गात अकरा मुली होत्या. एक सोनईहून एसटी बदलून यायची, बाकीच्या आसपासच्या वस्त्यांवरच्या. सगळ्यांच्या घरची अट एकच होती : दिवेलागणीच्या आत घरी. नगरच्या वसतिगृहात मुलगी ठेवायला एकही घर तयार नव्हते. अशात मान्यता देणाऱ्या समितीने कळवले की एका वेळी किमान पाच विद्यार्थ्यांना संगणकावर काम करता आले पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बंद. आमच्याकडे धड चालणारा संगणक एकच होता. वर्ग बंद झाला तर या मुलींचे शिक्षण तिथेच थांबणार, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती.

एका पतसंस्थेने मोडीत काढलेली चार टर्मिनल आम्हाला मिळाली होती. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. त्याला स्वतःचे डोके नसते. ती चारही एका संगणकाला जोडणारे कार्ड त्यांच्यासोबतच आले होते. लिनक्स नावाची कार्यप्रणाली एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देते आणि ती विकत घ्यावी लागत नाही, एवढे मला ठाऊक होते. पुण्याच्या एका मित्राने ती फ्लॉपींवर उतरवून दिली. ती सुरू झाली, पण ते कार्ड तिला काही केल्या ओळखता येईना.

मित्र फोनवर म्हणाला, "तयार कर्नलमध्ये तुझ्या कार्डाची सोय नाही. सोर्स कोड दिलाय ना तुला? मग स्वतः बांध."

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आणि सोर्स कोड म्हणजे तो ज्यातून घडतो ते माणसांनी लिहिलेले मूळ लिखाण. ते कोणीही वाचावे, बदलावे, त्यातून आपल्या यंत्रापुरता गाभा घडवावा, अशी मोकळीक होती. बांधायचे म्हणजे घर किंवा बंधारा, एवढेच मला तोवर माहीत होते.

बांधणीआधी यंत्र प्रश्न विचारते. ही सोय हवी का, ते उपकरण आहे का. होकाराला 'वाय' दाबायचा, नकाराला 'एन'. प्रश्न संपता संपत नाहीत, आणि त्या वेळच्या पद्धतीत मागे फिरता येत नसे. एक उत्तर चुकले की पुन्हा पहिल्यापासून. सोनईची मुलगी मोठ्याने वाचत होती, मी कळफलकावर होतो, बाकीच्या भोवती उभ्या.

"सर, ह्ये तर बघायला आलेल्या पाव्हण्यांवानी इचारतंय."

"पाव्हणे निदान पोहे तरी खात्यात," मागून कोणीतरी म्हणाली.

"उंची इचारली का गं?"

"न्हाई, आवाजाचं कार्ड हाय का म्हनतंय."

"हाय म्हन. मागनं कमी पडायला नको."

आवाजाचे कार्ड आमच्याकडे नव्हते. तरीही मी 'वाय' दाबला. कधी लागले तर असू दे, या विचाराने मी जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला होकार दिला. मग बांधणी सुरू झाली. पडद्यावरून ओळी सरकू लागल्या, मधेच लाईट गेली, आली, पुन्हा गेली. झालेले काम तसेच राहून उरलेलेच पुढे चालू होते, हे पाहून मला मोठा धीर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधणी शेवटाला पोचली आणि यंत्राने कळवले : गाभा फार मोठा झाला आहे, मावत नाही.

सोनईची मुलगी म्हणाली, "सर, आपन समद्या गावाला जेवायला बोलावलंय, अन् घरात चार पाट हायेत."

सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही. माझा सगळा स्वभावच कोणीतरी पडद्यावर लिहून दाखवल्यासारखे वाटले. समिती यायला फार दिवस उरले नव्हते. मी संगणकाचे झाकण उघडले, आत जे जे होते ते मुलींना दाखवले, आणि कळफलक त्यांच्या स्वाधीन केला. प्रश्नांचे आम्ही गट पाडले. एका जोडीने डिस्कचे प्रश्न घेतले, दुसरीने नेटवर्कचे, तिसरीने जोडण्यांचे. प्रत्येक होकाराचे कारण बाकीच्यांना पटवून द्यायचे. पटले नाही तर 'एन'. मी बाजूच्या बाकावर बसून ऐकत असे. एवढ्या ठामपणे नाही म्हणणाऱ्या मुली मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. एकदा तर त्या उत्साहाच्या भरात डिस्क वाचण्याच्या सोयीलाच नाही म्हणाल्या, आणि नवा गाभा सुरू होता होता अडला. जुना आम्ही फ्लॉपीवर जपून ठेवला होता. तो घातला, आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून बसलो. कोणीही कुरकुर केली नाही.

अखेर एका दुपारी चारही टर्मिनलांच्या काळ्या पडद्यांवर नाव विचारणारी ओळ उमटली. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. सगळे बंद करून पुन्हा सुरू केले, पुन्हा ओळ आली, तेव्हा कुठे खात्री पटली.

समिती आली त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. चहा झाला. समितीचे प्रमुख प्रयोगशाळेत डोकावले, झाकलेली टर्मिनल त्यांनी पाहिली आणि खिशातले पेन काढले.

"यंत्रं आहेत, चालू आहेत, असं लिहितो. आम्हाला अजून राहात्याला जायचंय."

"हो हो, साहेब, अगदी उत्तम," आमचे प्राचार्य म्हणाले.

मुली भिंतीलगत उभ्या होत्या. ज्यासाठी त्या इतके दिवस बसल्या होत्या, ते न पाहताच मंजूर होत होते. त्यांच्या चेहऱ्यांकडे मी पाहिले आणि म्हणालो, "नाही."

माझा आवाज इतका लहान होता की प्रमुखांनी "काय म्हणालात?" असे विचारले. मला ते पुन्हा म्हणावे लागले. "नाही साहेब. लाईट येईपर्यंत थांबा. बघून मग काय ते लिहा."

प्राचार्यांनी मला बाजूला ओढले. "अहो, देव पावलाय, पदरात पाडून घ्या की! लाईट आलीच नाही तर? ते चालूच झालं नाही तर?"

मी टर्मिनलांवरचे कापड काढू लागलो. प्रमुखांनी घड्याळ पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काहीशा कुतूहलाने खुर्ची ओढली. साखर कारखान्याचा भोंगा वाजून गेला. आणखी एकदा चहा झाला. मग पंखा हलला.

ओळी सरकल्या, कार्ड ओळखल्याची ओळ आली, चारही पडदे उजळले. प्रमुखांनी एका टर्मिनलवर स्वतःचे नाव टाइप केले. यंत्राने ते नाकारले.

"साहेब, तुमचं खातं न्हाई ना हितं," सोनईची मुलगी म्हणाली.

"मग उघडा की!"

तिने माझ्याकडे वळून विचारले, "सर, उघडू का?" मी मान हलवली. प्रमुख बराच वेळ त्या टर्मिनलवर बसले आणि त्यांच्या शेजारी उरलेल्या तीन टर्मिनलांवर आणि मूळ संगणकावर चार मुली आपापले काम करत राहिल्या. राहात्याला त्यांना उशीर झाला. मान्यता मिळाली.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मी त्या मुलीला म्हणालो, "आज लाईट आली नसती, तर तुमचं वर्ष माझ्यामुळे गेलं असतं."

"सर, तुमी इचारलं असतं तर आमी समद्यांनी 'वाय'च दाबला असता," ती म्हणाली आणि एसटीकडे पळाली.

तिने ते मला धीर देण्यासाठी म्हटले होते, आणि ते खरेही असेल. पण मी त्यांना विचारले नव्हते. ज्याला ना बुद्धी ना दया, ते यंत्र प्रत्येक लहानसहान गोष्ट विचारून घेत होते. मी अकरा मुलींचे पुढचे वर्ष एका शब्दावर पणाला लावले, तेव्हा त्यांच्याकडे फक्त पाहिले, आणि ते पाहणे मला पुरेसे वाटले.