बसायची जागा

माझी बदली फौजेच्या डोंगरातल्या ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली होती. मी सांगवीचा, लान्स नायक, ड्रायव्हर. पहाटे फॉल इनची हजेरी, गाडी चेक, मग दिवसभर घाटरस्त्यावर सीटवर आदळत राहायचं. माकडहाडाच्या वर गाठ आली तेव्हा वाटलं, केसतूड असेल. आईनं फोनवर पोटीस बांधायला सांगितलं. घाटात पोटीस कोण बांधणार?

केसतूड नव्हतंच ते. केस कातडीत शिरून आत नळी तयार झाली होती. दोनदा चिरून पू काढला, दोन्ही वेळा दुखणं पुन्हा उपटलं आणि नळीला फाटे फुटले. शेवटी सर्जन मेजरसाहेब म्हणाले, "आता फ्लॅप." म्हणजे खराब भाग सगळा कापून काढायचा आणि शेजारचं मांस कातडीसकट फिरवून त्या खड्ड्यावर बसवायचं. फुटलेला बांध आपण शेजारची माती ओढून बुजवतो, तसंच.

"मी सांगेपर्यंत बसायचं नाही. बसलास तर फ्लॅप सुटेल. मग ड्रायव्हिंग विसर."

"जी साहेब."

ड्रायव्हरची बसायचीच जागा गेली म्हणून कंपनी हसली. सगळ्यांत जास्त हसला दत्ता, निमगाव केतकीचा माझा दोस्त. ऑपरेशननंतर मी वॉर्डात पालथा पडलो होतो. तो येऊन म्हणाला, "तू पड निवांत. तुझ्या सीटवर मी बसतो."

दुसऱ्या दिवशी गाड्यांचा कॉन्व्हॉय निघाला. माझी तीन नंबरची गाडी दत्ताकडं होती. वायरलेस सेटवरचं बोलणं सिग्नलच्या जवानानं मला नंतर सांगितलं.

"तीन नंबर, रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर नाही.

"तीन नंबर, रिपोर्ट. ओव्हर."

गाडीवर दरड आली होती. ही बातमी ऐकून मला उठून बसताही आलं नाही.

जखम कोवळी असतानाच सिक लीव्हवर आलो. रेल्वेत बर्थवर पालथा, बारामतीहून टेम्पोत गादीवर पालथा. आधी दत्ताचं घर गाठलं. ओसरीवर त्याचे वडील, आबा, आणि भावकी बसली होती. दुःखाच्या घरी कुणी उभ्या उभ्या येऊन जात नाही.

"बस, लेकरा," आबा म्हणाले.

मी उभाच.

"फौजेत गेला म्हंजी बसायचं बी इसरला का?" भावकीतले एक तात्या बोलले.

फार लाज वाटली. फ्लॅप गेला खड्ड्यात, बसावं एकदाचं, असं मनात आलं. गुडघे वाकवलेही. मग सांगून टाकलं.

"आबा, माजं आप्रेशन झालंय. बसता येत न्हाय. म्हणून तर माजी गाडी दत्तानं नेली."

आता आबा काय बोलतील, याची भीती वाटली. आबा उठले. धनगरी घोंगडं, दत्ताच्या अंथरुणातलं, आतून आणून त्यांनी आपल्या शेजारी पसरलं.

"पालथा पड हितं. तुज्या वाटचं मी बसतो."

घोंगड्यात तोंड खुपसून मी पोटभर रडलो. आबांनी माझ्या पाठीवरचा हात काढला नाही.

फ्लॅप टिकला. नोकरी पुरी केली. आता बारामती एमआयडीसीत दुधाचा टँकर चालवतो. हल्ली लवकर दमतो, घरी बसावंसंही वाटतं. पण रोज केबिनचं दार उघडलं की क्षणभर उभा राहतो.

"दत्ता, सरक जरा," म्हणतो. मग बसतो.