माझ्या नावची सव्वा मूठ

मी देश बदलला तो एका बससाठी. हसू नका, खरं तेच सांगतोय.

भुसावळला रेल्वेत उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर मुलानं आम्हा दोघांना कॅनडात नेलं. तिथं म्हाताऱ्या माणसाला उद्योग दोनच. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला पाठवून आपण जिवंत आहोत हे भुसावळच्या बँकेला पटवायचं, आणि बाकी वर्षभर बसची वाट बघायची. गाडी मला चालवता येत नाही. वाचनालय, दवाखाना, भरताला बरी वांगी ठेवणारा तो एक गुजराती दुकानदार, सगळं त्या एका बसच्या जिवावर.

तीच बस नगरपालिकेनं बंद करायची ठरवली. मी तणतणत सभेला गेलो, अख्ख्या गल्लीच्या सह्या नेल्या. तिथली नगरसेविका गोड हसली आणि विचारलं, आपण मतदार आहात ना? मत फक्त नागरिकाला. म्हणजे आम्ही कोणीच नाही? हयातभर निवडणुकीच्या ड्युट्या केलेला माणूस मी, डोकंच फिरलं. मुलगा कधीपासून अर्ज भरा म्हणून मागं लागला होता, तो त्याच संध्याकाळी भरला. पुढं शपथ घेतली, जुना पासपोर्ट जमा केला, नवं मत दिलं. बस वाचली. तासाला एक येते, पण येते.

इकडं मात्र हे कोणाला सांगायची छाती झाली नाही. कारण कानबाई.

आमच्या खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तेव्हा घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्याच गव्हाचे रोट करायचे, ते भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला तुकडा मिळत नाही, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. मग दुसऱ्या देशाची शपथ घेऊन आलेला मी आतला की बाहेरचा? सात वर्षांनी धुळ्याला मोठ्या भावाच्या घरी निघालो, तेव्हा हेच बायकोला विचारलं. बायको म्हणाली, देवी काय पासपोर्ट बघणार आहे का. तिचं बरोबर होतं, पण गहू देवी मोजत नाही.

पोचलो तर गहू आदल्याच दिवशी दळून झालेले. माझी मूठ धरली की नाही, विचारू तरी कोणाला? चोराच्या मनात चांदणं.

त्यात पुतण्यानं मला इथलं सिमकार्ड घेऊन देतो म्हणून ओळखपत्र मागितलं, आणि मी बावळटासारखा पासपोर्टच काढून दिला. त्यानं तो उघडला आणि बैठकीत जाहीर करून टाकलं, काका फॉरेनर झाले. झालं! एकच कालवा. आमचा चुलतभाऊ नाना निवृत्तीपासून राजकारणावरच जगतो. त्यानं आधी तिकडच्या सरकारबद्दल माझी उलटतपासणी घेतली, मग डोळा मिचकावून निकाल दिला की परदेशी पाहुण्याला रोट चालत नाही, याच्यापुरती खिचडी टाका. सगळे हसले, मीही हसलो. पण अडुसष्ट वर्षांचा बाप्या मी, मला रडू यायला लागलं.

उठून सरळ स्वयंपाकघरात गेलो. तिथं अक्का रोट भाजत होती. अक्का म्हणजे माझी मोठी वहिनी. मी चौथीत होतो तेव्हा ती लग्न होऊन आली, माझं शेंबडं नाक तिनं पदरानं पुसलंय. घराण्याचे गहू तीच मोजते. दारात उभं राहून मी सगळं ओकून टाकलं, बस, सह्या, शपथ, पासपोर्ट. आणि विचारलं, माझी मूठ धरली का?

तिनं तव्यावरचा रोट उलटला.

"कागद कोनी बी देवो," ती म्हणाली. "मूठ मी भरस."

मग कळलं की सातही वर्षं ती मूठ भरत होती. माझ्या नावची, माझ्या मुलाच्या नावची, आणि तिकडं जन्मलेल्या, तिनं फक्त फोनवर बघितलेल्या माझ्या नातवाच्याही नावची. रोट उरवायचे नाहीत, म्हणून आमच्या तिघांच्या वाटचे रोट भाऊ आणि नाना दरसाल पौर्णिमेपर्यंत कसेबसे संपवायचे. नानाचा खरा राग कशावर होता ते आत्ता लक्षात आलं. मी जेवायला बसलो तसा तो समोरच येऊन बसला. या वर्षी आपण एक घासही जास्त खाणार नाही, असं त्यानं बजावून सांगितलं.

अक्कानं ताटात गिलक्याची भाजी वाढली आणि शेजारी तिघांचे रोट रचले. मला साखरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी गव्हावर बंदी घातली आहे. ते मात्र मी तिथं कोणालाच सांगितलं नाही.